चिकोडीचा तुका, कागलचे साहेबमामा

निपाणीच्या स्टँडवरून उत्तरेची गाडी धरली की वीस-पंचवीस किलोमीटरवर कागल लागतं. पूर्वेची धरली की जवळपास तेवढ्याच अंतरावर चिकोडी. कागलच्या वाटेवर कोगनोळीचा नाका आहे, पुढं दूधगंगा आहे, आणि त्या टापूत कर्नाटक संपून महाराष्ट्र सुरू होतो. चिकोडीच्या वाटेवर असं काही नाही. गाडीतलं बोलणं मराठीतून कन्नडात कधी गेलं, ते मात्र रोज येणाऱ्या-जाणाऱ्यालाही सांगता येत नाही.

कागलात १८८६ साली शेख फत्तेलाल जन्मले. चिकोडीत १८९२ साली विष्णुपंत पागनीस जन्मले. ही दोन माणसं १९३६ साली पुण्याच्या प्रभात स्टुडिओत एका कामावर एकत्र आली. एक कॅमेऱ्यामागं, दुसरा कॅमेऱ्यापुढं. त्यातून ‘संत तुकाराम’ झाला. १२ डिसेंबर १९३६ रोजी तो मुंबईच्या सेंट्रल सिनेमात लागला आणि तिथून ५७ आठवडे हलला नाही. दुसऱ्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. एवढा मान मिळवणारा तो पहिला भारतीय बोलपट.

या चित्रपटावर मराठीत पुष्कळ लिहिलं गेलं आहे आणि ते बहुतेक पुण्यात बसून. त्यात प्रभातनगर येतं, देहू येतं, व्हेनिसही येतं. कागल आणि चिकोडी ही गावं आली तर जन्मस्थळ म्हणून एका ओळीत येतात. आम्हा निपाणीकरांची दोन्हीकडं सोयरीक. म्हणून ही गोष्ट इथून सांगायची आहे.

मी हा चित्रपट पहिल्यांदा पाहिला तो पडद्याच्या मागून. गणपतीचे दिवस होते. गल्लीच्या मंडळानं कोल्हापूरहून सोळा मिलिमीटरचं मशीन आणलं होतं. दोन घरांच्या मधोमध पांढरा पडदा ताणलेला. पुढच्या बाजूला गल्ली भरली की उरलेल्यांनी मागं बसायचं, ही आमच्याकडची रीत. मागून चित्र थोडं अंधूक दिसतं आणि सगळं उलटं दिसतं. चिपळ्या भलत्याच हातात, लिहिलेली अक्षरं आरशातल्यासारखी. पण आवाज दोन्हीकडं सारखाच येतो. रीळ संपलं की दिवा लागायचा, मशीनवाला दुसरं रीळ चढवेपर्यंत पोरं पडद्यापुढं हात नाचवून सावल्या पाडायची, आणि मशीन सुरू झालं की गल्ली एकदम गप्प.

माझ्या शेजारी आज्जी बसली होती. तिचा जन्म तंबाखूच्या वखारीत गेला. तंबाखूची धूळ नाकातोंडात जाऊन तिचा आवाज कायमचा बसलेला होता. पडद्यावर तुकारामाची बायको, आवली, नवऱ्याला आणि त्याच्या विठोबाला एकाच दमात बोलत होती. घरात दाणा नाही, पोरं उपाशी, आणि हा देवळात टाळ कुटतोय. आज्जी त्या बसक्या आवाजात म्हणाली, ‘बरोबर बोलतीया बाई. पोरांनी खायाचं काय?’ पुढं आवली आजारी पोराला घेऊन, हातात पायताण घेऊन थेट विठोबाच्या देवळात शिरते. तिथं मात्र आज्जीनं पदर तोंडाला लावला. ती हा चित्रपट तंबूत आधी कितीदा पाहून आली होती, कोण जाणे. पुढं काय होणार ते तिला ठाऊक होतं, आणि तरीही ती तेवढीच घाबरली होती.

आमच्या भागात सिनेमा असाच आला: तंबूतून, जत्रेतून, गणपतीच्या पडद्यावरून. जुनी माणसं सांगायची की ‘संत तुकाराम’च्या तंबूत शिरताना बायका पायातलं बाहेर काढून ठेवायच्या आणि पडद्यापुढं नारळ फोडायच्या. तिकीट काढून बसलेल्यांनी असं का करावं, हा प्रश्न मला बरीच वर्षं पडायचा. चित्रपट पुन्हा पुन्हा पाहिल्यावर उत्तराचं टोक गाण्यात सापडलं. ते सांगण्याआधी थोडं मागं जातो, कारण या गाण्याची मुळं आमच्याच मातीत आहेत.

१८४२ च्या सुमाराला उत्तर कानड्यातल्या कर्की गावची भागवत मंडळी सांगलीला आली आणि तिनं राजांपुढं आपले खेळ केले. असं काही आपल्या भाषेत व्हावं, असं राजांना वाटलं. त्यांनी विष्णुदास भाव्यांना सांगितलं, आणि १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ झालं. मराठी रंगभूमीचा जन्म आपण तिथून मोजतो. म्हणजे ठिणगी कन्नड खेळाची. त्याच साली, १८४३ मध्येच, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर गावी बळवंत पांडुरंग किर्लोस्कर जन्मले. आपले अण्णासाहेब. १८८० साली त्यांनी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ उभं केलं आणि मराठी माणसाला नाटकातून गाणं ऐकायची कायमची सवय लावली. आपल्याच गावी, गुर्लहोसूरला, १८८५ मध्ये ते गेले. त्यांच्या कानावर लहानपणापासून कन्नड आणि मराठी अशा दोन्ही चाली पडत होत्या, हे त्यांच्या पदांत ऐकू येतं असं मला ठामपणे वाटतं.

आता याची परतफेड पाहा. कन्नडमधला पडद्यावर आलेला पहिला बोलपट म्हणजे ‘सती सुलोचना’, मार्च १९३४. तो चित्रित झाला कोल्हापुरात, छत्रपती सिनेटोनमध्ये. दिग्दर्शक वाय. व्ही. राव, इंद्रजिताच्या भूमिकेत सुब्बय्या नायडू, रावण नागेंद्रराव. बंगळूरहून नाटकातली मंडळी कोल्हापुरात येऊन उतरली, दोनेक महिन्यांत चित्रपट पुरा केला आणि परत गेली. खर्च चाळीस हजार रुपये झाल्याचं सांगतात. तोही गाण्यांनी भरलेला होता. आज त्याची एकही प्रत उरलेली नाही. कन्नड भाषा पडद्यावर पहिल्यांदा बोलली आणि गायली ती पंचगंगेच्या काठी, ही गोष्ट मी निपाणीत आणि बेळगावात किती जणांना सांगितली असेल! मराठी माणूस चकित होतो आणि कन्नड माणूसही तेवढाच चकित होतो.

कोल्हापुरात हे सगळं जुळून आलं त्याला बाबूराव पेंटर कारण. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत जी पोरं घडली त्यांत विष्णुपंत दामले होते, फत्तेलाल होते, व्ही. शांताराम होते. दामले मूळचे पेणचे. ते आणि फत्तेलाल यांची जोडी तिथंच जमली आणि अखेरपर्यंत टिकली. कंपनीत एकाला दामलेमामा म्हणत, दुसऱ्याला साहेबमामा. १ जून १९२९ रोजी या तिघांनी केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांना बरोबर घेऊन कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी काढली. १९३२ मध्ये त्यांचा ‘अयोध्येचा राजा’ आला. हा मराठीतला पहिला बोलपट. गोविंदराव टेंबे त्यात हरिश्चंद्र, संगीतही त्यांचंच, आणि तारामतीच्या भूमिकेत दुर्गाबाई खोटे. पुढल्याच वर्षी, १९३३ मध्ये, प्रभातनं कोल्हापूर सोडून पुणं गाठलं.

कंपनीत कामं वाटलेली होती. दामल्यांकडं ध्वनी, फत्तेलालांकडं कला. चित्रपटात जे घर, देऊळ, ओसरी, उंबरा, चूल दिसते, ती साहेबमामांच्या नजरेची. ‘संत तुकाराम’मधलं देहू बघताना मला कागलच आठवतं: मातीच्या भिंती, शेणानं सारवलेली जमीन, गोठा आणि माजघर यांत फार अंतर नसलेलं घर. कागलच्या मुसलमान घरातला हा माणूस शाळेत किती शिकला यापेक्षा त्यानं काय पाहिलं हे महत्त्वाचं. शेतकऱ्याच्या घरात वस्तू कुठं ठेवलेली असते हे त्याला माहीत होतं. विठोबाचं देऊळ उभारतानाही त्याचा हात चुकला नाही. वारकऱ्यांच्या सगळ्यात लाडक्या संताचा सगळ्यात लाडका चित्रपट एका पेणच्या ब्राह्मणानं आणि एका कागलच्या मुसलमानानं मिळून केला. त्या काळी त्यात कुणाला वावगं वाटल्याचं ऐकिवात नाही.

‘संत तुकाराम’च्या आदल्या वर्षी प्रभातनं ‘धर्मात्मा’ काढला होता. एकनाथांवरचा. नाव आधी ‘महात्मा’ ठेवलं होतं, पण सेन्सॉरला त्यात गांधीजी दिसले, म्हणून बदलावं लागलं. एकनाथांच्या भूमिकेत साक्षात बालगंधर्व, आणि संगीताला मास्तर कृष्णराव. एवढं सगळं असून चित्रपट चालला नाही. गंधर्वांना लोकांनी शालू-शेल्यात पाहिलं होतं. धोतर-उपरण्यातले गंधर्व लोकांच्या गळी उतरले नाहीत. त्यांचं गाणं रंगभूमीचं होतं. समोर प्रेक्षक बसलेला आहे, त्याची दाद येते आहे, ‘वन्स मोअर’ होतो आहे, अशा हवेत ते फुलायचं. कॅमेरा दाद देत नाही.

म्हणून पुढच्या संतपटाला पुन्हा एका स्त्रीपार्टी नटाचं नाव निघालं तेव्हा शंका घेतली गेली यात नवल नाही. चिकोडीचे पागनीस लहानपणापासून नाटक कंपन्यांत वाढलेले, स्वदेश हितचिंतक मंडळीत बायकांच्या भूमिका गाजवलेले. पुढं नाटक सोडून ते मुंबईत गाणं शिकवत होते, भजनं करत होते. चालण्या-बोलण्यातला जुन्या भूमिकांचा मऊपणा गेलेला नव्हता. हा माणूस तुकाराम कसा दिसणार, असं दामल्या-फत्तेलालांना वाटलं होतं असं सांगतात. शेवटी निकाल त्यांच्या भजनानं लावला. जो मऊपणा दोष वाटत होता तोच पडद्यावर तुकारामाचं संसारातलं अवघडलेपण होऊन आला. या तुकारामाला बायकोशी भांडता येत नाही, व्यवहार जमत नाही, हातात पैसा ठरत नाही. तो ओशाळं हसतो. पागनिसांनी ते हसू कुठून आणलं असेल? मला वाटतं, आयुष्यभर दुसऱ्याच्या वेशात वावरलेल्या माणसालाच ते सापडावं.

त्यांच्यासमोर उभी केली गौरी. ही बाई कंपनीतली साधी कामकरीण, लिहिता-वाचता न येणारी, गर्दीतली लहानसहान कामं करणारी. तिला आवली दिली. माझ्या मते चित्रपटाचा अर्धा तोल तिच्या हातात आहे. पागनीस देवाकडं बघतात, गौरी चुलीकडं बघते. ती म्हशीला घासूनपुसून धुते तेव्हा तिच्या हाताला त्या कामाची सवय असल्याचं दिसतं. तिची भाषा पुस्तकातली नाही. शिवराम वाशीकरांनी पटकथा-संवाद लिहिताना आवलीच्या तोंडी रांगडी, जिव्हाळ्याची बोली घातली, आणि गौरीनं ती आपलीच असल्यासारखी उच्चारली. तिच्या शिव्यांतसुद्धा माया ऐकू येते. माझी आज्जी त्या बाईशी बोलत होती ती उगीच नाही.

आता गाण्याकडं येतो.

संगीत केशवराव भोळ्यांचं. भोळे मूळचे विदर्भातले, वैद्यकी शिकायला मुंबईला आलेले आणि गाण्यात अडकलेले. ‘एकलव्य’ या नावानं त्यांनी संगीतावर लिहिलं, ‘आंधळ्यांची शाळा’सारख्या नव्या धर्तीच्या नाटकाला चाली दिल्या. गाणं प्रसंगातून उगवलं पाहिजे, गवयाच्या हौसेतून नव्हे, हा त्यांचा आग्रह. ‘संत तुकाराम’मध्ये त्यांनी एक फार साधी युक्ती केली. तुकारामाचा अभंग त्याचा वैरी सालोमालो चोरतो आणि आपल्या नावावर खपवतो. तुकाराम तो अभंग म्हणतो तेव्हा चाल सरळ असते: चार स्वरांत फिरणारी, चालता-चालता म्हणता येईल अशी. तोच सालोमालोच्या तोंडी गेला की त्याला ताना फुटतात, हातवारे येतात, नाटकातल्या गाण्याचा सगळा साज चढतो. शब्द तेच, पण ऐकणाऱ्याला कुणी काही न सांगता कळतं की याचं हे नाही. चोरी गाण्यातूनच पकडून दिली आहे. बोलपट येऊन मराठीत चारच वर्षं झाली होती, आणि एका संगीतकाराला इतकं सुचलं होतं.

दुसरी गोष्ट, या चित्रपटात गाणं सुरू होताना काही थांबत नाही. तुकाराम शेत राखायला बसतो आणि अभंग तिथंच त्याच्या ओठांवर येतो. पोरं जमतात, माणसं जमतात, चाल एकाकडून दुसऱ्याकडं जाते. भजनी मंडळात बसलेल्या कुणालाही ही गंमत ओळखीची आहे. एकानं उचलायचं, बाकीच्यांनी ओढायचं. तंबूतली माणसंही आपोआप म्हणू लागायची. पागनीस स्वतःच गायले आहेत. त्यांच्या आवाजात श्वास ऐकू येतो, थकवा ऐकू येतो. समोरच्याला वाटतं, हे आपल्यालाही म्हणता येईल. माझ्या प्रश्नाचं उत्तर मला इथं मिळालं. तंबूत बसलेली बायामाणसं सिनेमा पाहत नव्हती, ती भजनाला बसली होती. भजनाला बसताना पायातलं बाहेरच काढतात.

त्याच १९३६ साली अमेरिकेत संगीतपटांची भरभराट होती. फ्रेड अस्टेअर आणि जिंजर रॉजर्स ‘स्विंग टाइम’मध्ये नाचत होते, ‘शो बोट’ आला होता, आणि ‘द ग्रेट झिगफेल्ड’मध्ये फिरत्या जिन्याचा डोळे दिपवणारा रंगमंच उभा होता. त्या वर्षीचं सर्वोत्तम चित्रपटाचं ऑस्कर त्याच चित्रपटानं नेलं. तिथं गाणं म्हटलं की रोषणाई, पोशाख, नाच. अस्टेअरची पावलं मी आनंदानं पाहतो, त्यात कमी-जास्त करायचं काही कारण नाही. पण चिपळ्या, वीणा, मृदंग आणि एका दमलेल्या माणसाचा आवाज एवढ्यावर संगीतपट उभा राहू शकतो हे पुण्यात सिद्ध होत होतं, आणि पुढच्या वर्षी व्हेनिसमध्ये परक्या भाषेच्या लोकांनाही ते कळलं.

भोळ्यांबरोबर शांताराम आठवले होते. कथेला जिथं अभंग हवा होता आणि गाथेत नेमका सापडत नव्हता, तिथं त्यांनी ‘आधी बीज एकले’ लिहिला. तो इतका तुकारामाचा वाटला की जाणकार मंडळी तो गाथेत शोधत बसली. आजही भजनी मंडळांत तो तुकोबांचा म्हणून गायला जातो. आठवल्यांच्या नावावर थोडा अन्याय झाला खरा. एका कवीला याहून मोठी पावती मात्र मिळत नाही.

चमत्कार या चित्रपटात भरपूर आहेत. इंद्रायणीत बुडवलेल्या वह्या परत येतात, शत्रूनं घेरल्यावर एका शिवाजीचे अनेक शिवाजी होतात, शेवटी विमान उतरतं. आजच्या पोरांना यातल्या करामती भोळ्या वाटतील. मला तो शेवटचा प्रसंग करामतीमुळं लक्षात राहिलेला नाही. तुकाराम वैकुंठाला निघतो आणि घरी येऊन बायकोला चल म्हणतो. तिला त्यात काही खरं वाटत नाही, तिच्यापुढं घरचं काम पडलेलं आहे, पोरं जेवायची आहेत. ती राहते. विमान वर जातं आणि आवली खालीच, जमिनीवर. दामल्या-फत्तेलालांनी तिला कमी लेखलेलं नाही. गीता कपूर यांच्यासारख्या कलासमीक्षकांनी पुढं या चित्रपटावर गंभीरपणे लिहिलं, आणि त्यातला देवपणा व रोजचं जगणं यांची सांगड हा सगळ्यांच्या कुतूहलाचा विषय राहिला. आज्जीला समीक्षा माहीत नव्हती. ती परतताना एवढंच म्हणाली, ‘तिला न्यायला पायजे हुतं.’

पागनीस त्या भूमिकेतून बाहेर आलेच नाहीत म्हणावं लागेल. लोक त्यांच्या पाया पडत. पुढं त्यांनी ‘संत तुलसीदास’ केला, ‘नरसी भगत’ केला. १९४३ मध्ये ते गेले. त्यांचा चेहरा मात्र राहिला. दिनदर्शिकांवर, देवघरातल्या तसबिरींवर, भजनी मंडळांच्या फलकांवर तुकाराम म्हणून जो चेहरा आपण पाहतो, तो बहुतेक वेळा या चिकोडीच्या नटाच्या चेहऱ्यावर बेतलेला असतो.

यंदाच्या उन्हाळ्यात मी चिकोडीला गेलो होतो. स्टँडजवळच्या एका चहाच्या दुकानात भिंतीवर अशीच तसबीर होती, चुलीच्या धुरानं काळवंडलेली. मालक कन्नड बोलणारा, मराठी समजणारा. मी विचारलं, हे कोण? म्हणाला, ‘तुकाराम महाराज.’ मी म्हटलं, हे तोंड तुमच्या गावचं आहे. त्याला आधी कळेना. मग मी सगळं सांगितलं: पागनीस, प्रभात, नाटक, सिनेमा. गिऱ्हाईकं थांबली होती तरी त्यानं स्टूल ओढलं, तसबीर खाली काढली, खांद्यावरच्या पंच्यानं काच पुसली आणि बराच वेळ बघत राहिला. ‘नम्म ऊरवरा?’ त्यानं विचारलं. आमच्या गावचे? मी हो म्हटलं. चहाचे पैसे त्यानं घेतले नाहीत. कागलातही मी दोन-चार ठिकाणी साहेबमामांचं नाव काढून पाहिलं. तरुण पोरांना माहीत नव्हतं.

प्रभातचं पुढं काय झालं ते वाचकांना ठाऊक आहे. दामले-फत्तेलालांनी ‘गोपाळकृष्ण’, ‘संत ज्ञानेश्वर’, ‘संत सखू’ दिले. ‘संत सखू’त गौरी सासू झाली. मग शांताराम बाहेर पडले. १९४५ मध्ये दामलेमामा गेले, १९५३ मध्ये कंपनी बंद पडली. १९६० मध्ये त्याच जागेत सरकारची फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. साहेबमामा १९६४ पर्यंत होते. २००३ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या साठ्याला आग लागली आणि प्रभातच्या कितीतरी नायट्रेट फिती जळाल्या. ‘संत तुकाराम’ आज पाहता येतो, हे आपलं भाग्य. व्हेनिसच्या मानपत्राची तर कहाणीच आहे. ते हरवलं होतं. १९७४ मध्ये कचऱ्यात पडलेलं एका माणसाला सापडलं, त्यानं ते जपलं, आणि २००४ मध्ये ते पुण्याच्या संग्रहालयात परत आलं.

मधल्या काळात आमच्या सीमाभागात रेघ पडली. १९४६ साली बेळगावच्या साहित्य संमेलनात, माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. १९५६ मध्ये राज्यं नव्यानं आखली तेव्हा बेळगाव, निपाणी, खानापूर पलीकडं गेलं. महाजन आयोग झाला, मोर्चे झाले, माणसं गेली. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. मराठी शाळा, मराठी पाट्या, मराठीतला सातबारा यांसाठी आमच्या तीन पिढ्या झिजल्या. हे दुःख खरं आहे आणि मी ते कमी लेखणार नाही. माझंही घर त्यात आहे.

पण गाण्याचा व्यवहार रेघेनं थांबला नाही. १९६३ मध्ये कन्नडमध्ये ‘संत तुकाराम’ निघाला आणि तुकाराम झाले राजकुमार. १९७४ मध्ये तेच राजकुमार ‘भक्त कुंबार’ म्हणजे आपला गोरा कुंभार झाले. मराठी संत कन्नड घराघरांत त्यांच्या रूपानं गेले. इकडं मराठी घरांत अभंग पोचले ते गदगच्या भीमसेन जोशींच्या गळ्यातून. बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांनी भजनाला आणखी एक दार उघडून दिलं. ज्ञानदेवांनी विठ्ठलालाच कानडा म्हटलं आहे. आषाढीला आमच्याकडून दिंड्या निघतात, त्यांत मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारे वारकरी एकाच पताकेखाली चालतात, आणि टाळाचा ठेका कुणाला शिकवावा लागत नाही.

निपाणीवर पुढं एकदा कॅमेरा आला तेव्हाही बायकांचाच आवाज त्यानं टिपला. ‘तंबाकू चाकिला ओब आली’, १९८२. युगांतर गटाच्या बायकांनी केलेला, वखारीतल्या कामगार स्त्रियांच्या लढ्याचा लघुपट. आज्जीच्या पिढीच्या बायका त्यात आहेत. त्या बोलतात तेव्हा मला दर वेळी आवली ऐकू येते.

आज बेळगाव काय, निपाणी काय, एकपडदा चित्रपटगृहं एकामागून एक बंद होत चालली आहेत. मॉलमध्ये ‘संत तुकाराम’ लागणार नाही. फोनवर तो मिळतो, पण फोनवर भजन होत नाही. त्याला माणसं लागतात. म्हणून या लेखाच्या निमित्तानं एक मागणं मागतो. चित्रपट आता नव्वदीच्या घरात आहे. बेळगावातल्या आणि निपाणीतल्या वाचनालयांनी, गणेश मंडळांनी, भजनी मंडळांनी येत्या आषाढीला तो गल्लीत पडदा बांधून दाखवावा. खाली कन्नड अक्षरं द्यावीत. ते काम करायला दोन्ही भाषा येणारी पोरं इथं घराघरात आहेत. एक खेळ चिकोडीत व्हावा, एक कागलात व्हावा. खेळ सुरू होण्याआधी पागनीस, फत्तेलाल आणि गौरी ही तीन नावं मोठ्यानं वाचावीत. खर्चाचं म्हणाल तर एक प्रोजेक्टर, एक पांढरी चादर आणि दोन तास वीज एवढंच लागतं. पुढच्या बाजूला जागा पुरली नाही, तर मागच्या बाजूला सतरंजी टाका. मी तिथं बसेन.